चार-पाच पावलांचं घर: आयर्लंडच्या खेड्यात घरं कशी बांधत

आयर्लंडच्या पोस्टकार्डावर एक घर हमखास असतं. पांढऱ्या भिंती, गवताचं छप्पर, अर्धंच उघडलेलं लाल किंवा हिरवं दार, धुराड्यातून निघणारा धूर. चित्र खोटं नाही. पण समोरून काढलेल्या त्या फोटोत एक गोष्ट कधीच दिसत नाही, ती म्हणजे हे घर किती अरुंद आहे. दारातून आत शिरलात की चार-पाच पावलांत मागची भिंत येते. आतली रुंदी साधारण ४ ते ५ मीटर, बस्स. खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकापुढे एक लावलेल्या, आणि प्रत्येक खोली पुढच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत सलग.

घरात माणसं वाढली तर घर लांब करायचं, नाहीतर वर माळा काढायचा. मागच्या अंगाला खोली काढायची पद्धतच नव्हती. पाच-सहा गाई बाळगणाऱ्या शेतकऱ्याचं घर लांब असे आणि मजुराचं आखूड, पण रुंदी दोघांचीही जवळपास सारखी. हे असं का, याचा पाठलाग केला तर अख्खं घर उलगडत जातं.

कारण छपरात आहे, आणि छपराचं कारण लाकडात. एकेकाळी रानांनी भरलेलं हे बेट सतराव्या-अठराव्या शतकांपर्यंत जवळजवळ उघडं पडलं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगल जेमतेम एक-दीड टक्का जमिनीवर उरलं होतं. त्यातून जी झाडं उभी होती ती जमीनदाराची. कुळाने त्यांना हात लावायची सोय नव्हती. मग वासे आणायचे कुठून? बॉगमधून. बॉग म्हणजे तिथली पाणथळ जमीन. हजारो वर्षांचं शेवाळ आणि गवत पाण्यात अर्धवट कुजून, दाबलं जाऊन तिचे काळपट थर झालेले असतात. देशाचा जवळपास सहावा भाग असल्या जमिनीने व्यापलेला होता. त्या थरांच्या पोटात जुन्या रानातले ओक आणि पाइनचे बुंधे न कुजता पडून राहिले होते, कारण तिथे हवाच पोचत नाही. लोक लांब सळई जमिनीत खुपसत हिंडायचे आणि टणक काही लागलं की खणायचे. पहाटेचं दव जिथे लवकर उडतं तिथे खाली लाकूड आहे, असाही एक ठोकताळा होता. असा सापडलेला, काळा पडलेला ओंडका घासून-तासून छपराला वापरायचा. हाती येतील ते तुकडे वाकडेतिकडे आणि आखूड, मग त्यांच्या कैच्या कितीशा रुंद होणार? घराची रुंदी तिथेच ठरून जायची.

आता भिंती. इथे देशाचे ढोबळ दोन भाग पडतात. पश्चिमेला आणि डोंगराळ पट्ट्यात दगड वारेमाप. गॉलवे, मेयो, डोनेगॉल या भागांत शेत करायचं तर आधी दगड वेचावे लागत, आणि वेचलेल्या दगडांचंच कुंपण आणि घर व्हायचं. पूर्वेला आणि आग्नेयेला, म्हणजे मीथ, वेक्सफर्ड वगैरे भागांत, जमीन खोल आणि मातीची, तिथे मातीचीच भिंत. पोस्टकार्डांनी आपल्याला दगडी घर दाखवलं, पण मातीची घरंही देशात मोठ्या संख्येने होती, आणि चुन्याचा हात फिरला की बाहेरून दोन्ही सारखीच दिसायची.

मातीची भिंत घालायची रीत आपल्याला पटकन समजेल, कारण पांढऱ्या मातीच्या घरांची आठवण आपल्याकडे अजून पुसलेली नाही. घराजवळच खड्डा घ्यायचा, चिकणमाती काढायची, तीत पेंढा किंवा लव्हाळे कापून टाकायचे, पाणी घालायचं आणि पायांनी, कधी जनावरांकडूनही, तुडवायची. चिखल काही दिवस मुरू द्यायचा. खाली दगडी जोतं रचायचं, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. मग त्यावर काट्याने चिखलाचा थर रचायचा, दोन फूट रुंदीचा. सगळ्या भिंतींवर एक थर फिरला की थांबायचं. तो वाळून वरच्याचं ओझं पेलण्याइतका घट्ट झाला की दुसरा. शेवटी धारदार कुदळीने दोन्ही बाजू तासून सपाट करायच्या. दार-खिडक्या बऱ्याचदा भिंत उभी राहिल्यावर कापून काढत. साचा नाही, गवंडी नाही, खर्च नाही. लागतो तो फक्त वेळ आणि कोरडी हवा, आणि आयर्लंडमध्ये या दोहोंतली दुसरी गोष्ट फार महाग. पश्चिम किनाऱ्याला वर्षातले सव्वादोनशेच्या आसपास दिवस पावसाचे असतात, पूर्वेला दीडशेच्या. मातीची घरं पूर्वेकडे अधिक का, याचं थोडं उत्तर यातही आहे.

भिंतीवर दरवर्षी चुन्याचा हात द्यायचा, बहुधा एखाद्या सणाच्या आधी किंवा पाद्री घरी येऊन प्रार्थना घ्यायचा त्या दिवसाच्या तोंडावर. त्यामुळे घर उजळतं हे खरंच, पण चुन्याचं मोठं काम वेगळं. अशा भिंतीत थोडी ओल नेहमीच शिरते. चुन्याचा थर ती अडवून धरत नाही, कोरडं वारं सुटलं की बाहेर जाऊ देतो. आत रात्रंदिवस विस्तव, बाहेर चुना, यांच्यामध्ये भिंत भिजते आणि सुकते, भिजते आणि सुकते. विसाव्या शतकात पुष्कळांनी घर मजबूत व्हावं म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, आणि तोच घात ठरला. सिमेंटला बारीक चीर पडते, पाणी आत जातं आणि तिथेच कोंडतं. बाहेरून भिंत टणक, आतून मातीचा पुन्हा चिखल. आज जुन्या घरांची दुरुस्ती करणारे कारागीर बऱ्याचदा पहिलं काम करतात ते सिमेंट खरवडून काढण्याचं.

छपराकडे परत येऊ, कारण खरं घर म्हणजे छप्परच. कैच्या आणि आडव्या वाशांवर बारीक फांद्या पसरायच्या आणि त्यावर हिरवळीची सालटी अंथरायची. तिकडच्या बोलीत तिला ‘स्क्रॉ’ म्हणतात. कुरणाची वरची पातळ साल, मुळांसकट, लांब पट्टीसारखी कापायची, काठीवर सतरंजीसारखी गुंडाळायची आणि खांद्यावरून आणून छपरावर उलगडायची. कधी आढ्यावरून दोन्ही पाखांवर पोचेल एवढी लांब पट्टी असे. ही पट्टी ऊब धरते आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वरचं गवत टोचून बसवायला गादी होते.

मग शाकारणी. गहू, ओट, राय यांचा पेंढा, लव्हाळे, शॅनन नदीकाठचा बोरू, समुद्रकाठी वाळूत वाढणारं राठ गवत, उत्तरेत जवसाच्या काड्या, जे जवळ मिळेल ते. खालून सुरुवात करायची आणि चढत्या थरांनी आढ्याकडे जायचं. प्रत्येक थर ‘स्कॉलप’ने बसवायचा. ही हेझेलची किंवा वाळुंजाची फोक. शाकारणारा शिडीवर बसून ती दोन्ही टोकांना टोकदार करतो, मधोमध पिळतो, म्हणजे न मोडता दुमडते, आणि केसांच्या आकड्यासारखी वाकवून गवतातून खालच्या स्क्रॉमध्ये ठोकतो. एका छपराला अशा हजारो फोका लागत. थंडीत कापून, पेंड्या बांधून त्या आधीच तयार ठेवाव्या लागत.

गवताचं छप्पर गळत कसं नाही, याचं उत्तर उतारात आहे. पाखं निदान ४५ अंशांचं हवं. पावसाचा थेंब एका काडीवरून दुसऱ्या काडीवर घरंगळत वळचणीला पोचतो, वरचा जेमतेम इंचभर थर ओला होतो आणि खालचा फूटभर कोरडा राहतो. उतार कमी झाला की पाणी रेंगाळतं आणि गवत कुजतं. शेवाळ धरलं, पक्ष्यांनी भोकं पाडली तरी तेच. पेंढ्याचं छप्पर दहा-पंधरा वर्षं टिकायचं, बोरूचं त्याच्या दुप्पट. जुनं सगळं उपटत नसत, सडलेलं तेवढं काढून वर नवा थर चढवत. त्यामुळे काही जुन्या छपरांत तळाशी कित्येक पिढ्यांपूर्वीचा पेंढा, धुराने काळा झालेला, अजून जागेवर सापडतो. त्या धान्याचे वाण शेतातून कधीच नाहीसे झाले. छपरात मात्र त्यांची काडी उरली.

अटलांटिकच्या किनाऱ्यावर स्कॉलपही पुरत नाही. तिथे छपरावरून दोऱ्यांचं जाळं टाकतात आणि भिंतीत वळचणीखाली बसवलेल्या दगडी खुंट्यांना ते घट्ट बांधतात, किंवा टोकांना जड दगड लटकवतात. या दोऱ्याही पेंढ्याच्या किंवा लव्हाळ्याच्या, घरीच वळलेल्या. पेंढ्याच्या दोरीला ‘सूगॉन’ म्हणतात. एक जण बसून पेंढा पुरवतो, दुसरा हातातल्या आकड्याने पीळ देत मागे मागे सरकतो आणि दोरी दोघांमध्ये वाढत जाते. त्या भागात आढंही गोलसर ठेवतात, वाऱ्याला पकडायला धार मिळू नये म्हणून.

तरी वारा कधी कधी जिंकतो. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री असं वादळ झालं की लोकांनी तिला ‘मोठ्या वाऱ्याची रात्र’ हेच नाव दिलं. छपरंच्या छपरं उडाली, विखुरलेल्या निखाऱ्यांनी घरं पेटली. ती रात्र सत्तर वर्षांनी पुन्हा कामाला आली. १९०९ च्या जानेवारीत सत्तरी ओलांडलेल्यांना सरकारी पेन्शन सुरू झाली, पण जन्माची सरसकट नोंद आयर्लंडमध्ये १८६४ पासूनची. वय सिद्ध करायचं कसं? मग म्हाताऱ्यांना विचारू लागले, मोठ्या वाऱ्याची रात्र आठवते का? अर्थात सगळ्यांनाच आठवत होती.

भिंती आणि छप्पर यांच्या आत जे घर राहतं त्याचा जीव म्हणजे चूल. बॉगमधलीच काळी माती विटांसारखी कापून, उन्हा-वाऱ्यात वाळवून जाळायची. तिला टर्फ म्हणतात. तिचा विस्तव लाकडासारखा भडकत नाही, मंद आणि एकसारखा जळतो. चूल जमिनीलगत, भिंतीत बसवलेल्या लोखंडी फिरत्या दांड्याला भांडी टांगलेली. हा विस्तव विझू देत नसत. रात्री घरातली बाई निखारे एकत्र ओढायची, राखेत नीट पुरायची आणि संत ब्रिजिडचं नाव घेत घर तिच्या हवाली करायची. सकाळी राख बाजूला केली की आत लाल डोळा जागाच असायचा. त्यावर टर्फचे दोन तुकडे आणि एक फुंकर. लग्न होऊन वेगळं घर झालं तर जुन्या चुलीतले निखारे नव्या घरी न्यायची चाल काही भागांत होती. आणि १ मे या दिवशी शेजाऱ्यालाही घरातला विस्तव द्यायचा नाही, कारण विस्तवाबरोबर वर्षाचं नशीब बाहेर जातं.

चूल कुठे आहे यावरून जुन्या घरांची दोन घराणी ओळखता येतात. अभ्यासकांनी नकाशे काढले ते १९३० च्या दशकापासून, त्यांत स्वीडनहून आलेला ओके कॅम्पबेल हा संशोधकही होता. पूर्वेच्या आणि आग्नेयेच्या घरात चूल साधारण मध्यात, दाराच्या अगदी समोर. दार उघडलं की थेट विस्तवावर वारा येऊ नये म्हणून मध्ये एक आडभिंत, आणि त्या भिंतीला हाताएवढी खिडकी, चुलीपाशी बसल्या बसल्या कोण आलं ते पाहायला. ही घरं बहुधा चौपाखी, कारण मातीची त्रिकोणी भिंत आढ्यापर्यंत चढवणं जोखमीचं. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या घरात दारातून सरळ स्वयंपाकघरात पाऊल पडतं, चूल दारापासून लांब, खोलीच्या टोकाच्या भिंतीला. ही बहुधा दुपाखी.

पश्चिमेच्या घरात दुसरं दार पहिल्याच्या समोर, मागच्या भिंतीत. ज्या बाजूने वारा त्या बाजूचं दार बंद, दुसरं उघडं. पण या जोडीचं मूळ गुरांत आहे. खूप घरांत एका टोकाला माणसं आणि दुसऱ्या टोकाला गाई, एकाच छपराखाली, मध्ये भिंतसुद्धा नाही. गाई एका दाराने आत यायच्या, धार काढली की दुसऱ्याने बाहेर. जमीन गोठ्याकडे उतरती आणि मध्ये पन्हळ. गाईला विस्तव दिसला की ती दूध जास्त देते, असं लोक मानत. या राहणीला परक्या प्रवाशांनी घाणेरडी म्हणून लिहून ठेवलं, ते वाचताना राग येतो. कडाक्याच्या दमट थंडीत गाईच्या अंगाची ऊब फुकट मिळते, आणि ज्या गाईच्या लोण्यावर भाडं भरायचं ती नजरेसमोर राहते. ज्याच्या घरात गाय बांधली आहे त्याला हे कोणी समजावून सांगायला नको. असं एक घर डोनेगॉलच्या माघरागॅलनमधून हलवून बेलफास्टजवळच्या अल्स्टर फोक म्युझियममध्ये पुन्हा उभारलेलं आहे.

मला या घरातली सगळ्यात आवडणारी जागा वायव्येच्या घरांत सापडते. चुलीशेजारी मागच्या भिंतीला बाहेरच्या अंगाने एक पोट काढलेलं असतं, एका पलंगापुरतं. पुढे पडदा किंवा फळ्या. घरातली म्हातारी माणसं तिथे झोपायची, घरातल्या सगळ्यात उबदार जागी. आयरिश भाषेत तिला ‘कॅलिअख’ म्हणतात, आणि हाच शब्द म्हातारीलाही आहे. मागे खोली न वाढवणाऱ्या या घराने रुंदीचा नियम मोडला तो एवढ्याचसाठी.

जागा निवडणं हाही मोठा विषय होता. टेकडीच्या आडोशाला, पाठ वाऱ्याकडे, पाणी जवळ. पण यक्ष-पऱ्यांच्या वाटेवर घर येता कामा नये. चार कोपऱ्यांत चार दगड ठेवून रात्र जाऊ द्यायची, सकाळी ते जागचे हलले नसतील तर बांधायला हरकत नाही. घर पश्चिमेकडे वाढवणं अशुभ. काही ठिकाणी जमिनीखाली घोड्याच्या कवट्या पुरलेल्या सापडल्या आहेत. वर नाच सुरू झाला की जमीन घुमावी म्हणून, असं जुनी माणसं सांगत. जमीनही बहुधा कुटलेल्या मातीची, आणि नव्या घरात नाच ठेवला की ती आपोआप चोपली जाई.

हे सगळं काम पैशाने होत नव्हतं. गावातल्या माणसांनी एकमेकांकडे राबायचं, आज तुझं घर, उद्या माझं गवत. आयरिशमध्ये याला ‘मेहल’ म्हणतात. आपल्याकडचे सावड आणि इर्जिक हे शब्द ज्यांना माहीत आहेत त्यांना अर्थ सांगायची गरज नाही. शाकारणारा तेवढा कसबी असे आणि त्याला मजुरी मिळे.

आता या घरांची दुखरी बाजू. बहुतेकांना घर आपलं असलं तरी खालची जमीन आपली नव्हती. घर कुळाने स्वतःच्या हाताने बांधायचं, पण भाडेपट्टा संपला की ते जमीनदाराचं. घर सुधारलं, खिडकी मोठी केली, तर भाडं वाढायची भीती. कमी खर्चात, पटकन उभं राहणारं घर बांधण्यामागे गरिबी होती तशी ही धास्तीही होती. १८४१ च्या जनगणनेत घरांचे चार दर्जे केले होते. सगळ्यात खालचा, चौथा, म्हणजे मातीची एक खोली. अशी घरं निघाली सुमारे ४ लाख ९१ हजार, म्हणजे देशातल्या दर दहा घरांमागे जवळपास चार.

१८४५ साली बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षं दुष्काळ चालला. दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, निदान तितकीच देश सोडून गेली. ज्या कुळाच्या जमिनीची किंमत ४ पौंड किंवा त्याहून कमी, तिच्यावरचा गरिबांच्या मदतीसाठीचा कर जमीनदाराच्या डोक्यावर, म्हणून लहान कुळं हटवणं जमीनदाराला फायद्याचं झालं. कुटुंब बाहेर काढलं की आधी छप्पर पाडायचे, म्हणजे रात्री कोणी परत यायला नको. बॉगमधून शोधून, खणून, तासून आणलेले ते वासे दोर लावून ओढायचे. १८५१ ची जनगणना झाली तेव्हा चौथ्या दर्जाची घरं १ लाख ३५ हजारांच्या घरात उरली होती.

पुढे कायदे बदलले. १८८३ पासून शेतमजुरांसाठी सरकारी मदतीने पक्की घरं बांधायला सुरुवात झाली, कुळांच्या नावे जमिनी होत गेल्या, रेल्वेने स्लेट आणि पत्रा गावोगाव पोचवला. आयात लाकूड मिळू लागलं तशी रुंदीची अडचण सुटली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांनी शेजारीच मोठ्या खिडक्यांचे बंगले बांधले आणि जुन्या घरात गुरं नाहीतर अवजारं ठेवली. त्यांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. ज्या आजीने उभी हयात धुरात आणि ओलीत काढली तिला कोरडी न्हाणी हवी होती.

आज त्या घरांतलं काय उरलंय ते पाहायचं तर मेयोतल्या ॲकिल बेटावर स्लीव्हमोर डोंगराच्या पायथ्याशी जावं. तिथे एका वाटेच्या कडेने ऐंशी ते शंभर घरांच्या भिंती उभ्या आहेत, बिनछपराच्या, आत गवत आणि मेंढ्या. माणसं गेली, वासे गेले, दगड राहिले. पूर्वेकडच्या मातीच्या घरांचं तसं झालं नाही. छप्पर गेल्यावर पावसाने त्यांच्या भिंती थोड्या थोड्या करून विरघळवल्या आणि ज्या खड्ड्यातून ती माती काढली होती त्याच्याच शेजारी नेऊन बसवल्या. १८४१ साली मोजलेल्या त्या चार लाख एक्याण्णव हजारांपैकी काहींच्या जागी आज कुरणात गुडघाभर उंचीचा एक लांबट उंचवटा दिसतो, लांबीला कितीही, रुंदीला चार-पाच पावलं.